शेताची झाडलोट : नेपानगरच्या मातीत वखर, दाताळे आणि लहान ट्रॅक्टर

जमीन तयार करणाऱ्या अवजारांची कामे तीन. नांगर माती उलथतो, वखर ती वरच्यावर खरवडतो आणि दाताळे मातीवरचे जे नको असेल ते ओढून एका जागी आणते. पहिल्या कामावर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिसऱ्याची दखल सहसा कोणी घेत नाही, कारण ते काम झाडलोटीसारखे आहे : झाले तर दिसत नाही, राहिले तर पेरणीच्या दिवशी पायात येते. लहान ट्रॅक्टरच्या मागे बसवायचे ‘लँडस्केप रेक’ नावाचे जे अवजार आज मिळते, ते हेच तिसरे काम करते. मराठीत त्याला ट्रॅक्टरचे दाताळे म्हणणे सरळ पडते. नाव परदेशी असले तरी त्याचे काम तापीच्या खोऱ्यात जुनेच आहे, आणि त्या कामाचा इतिहास पाहायला नेपानगरसारखी जागा सोयीची आहे. एका बाजूला सातपुड्याचे जंगल, दुसऱ्या बाजूला तापीकाठची काळी जमीन आणि मधोमध रेल्वे व कागदाची गिरणी, अशी या गावाची ठेवण आहे.

नेपानगर मध्य प्रदेशाच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात, बऱ्हाणपूर शहराच्या ईशान्येस, भुसावळ-खांडवा लोहमार्गावर आहे. हा जिल्हा 15 ऑगस्ट 2003 रोजी खांडव्यातून, म्हणजे जुन्या पूर्व निमाडातून, वेगळा झाला. राज्याची सीमा ओलांडली की लगेच जळगाव जिल्ह्यातले रावेर आणि मुक्ताईनगर तालुके लागतात. माती, पिके, अवजारे आणि बाजार यांनी ही सीमा कधी फारशी मानली नाही. खानदेशात कपाशी आणि केळी, तशीच ती इकडेही. घरात मराठी आणि बाजारात हिंदी बोलणारी कुटुंबे बऱ्हाणपूर भागात पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत.

इथल्या मातीचे दोन प्रकार आहेत. तापीकाठची जमीन खोल, काळी, चिकट. डोंगराकडे सरकू लागले की ती उथळ होते, मुरूम वर येतो आणि दगडगोटे सुरू होतात. काळ्या मातीचा स्वभाव समजल्याशिवाय इथल्या अवजारांचा इतिहास समजत नाही. पाणी मिळाले की ही माती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात हात खोल भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, पावसाळ्यात भेगा मिटतात, आणि खालची-वरची माती आपोआप एकमेकींत मिसळते. ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते असे कृषिशास्त्रज्ञ म्हणतात ते याच अर्थाने. त्यामुळे जुन्या काळी इथे दरवर्षी नांगर धरण्याची चाल नव्हती. तण फारच माजले किंवा जमीन घट्ट झाली, तर काही वर्षांनी एकदा नांगरट होई. एरवीचा सगळा कारभार वखरावर चाले.

पश्चिम महाराष्ट्रात ज्याला कुळव म्हणतात, त्याचाच वखर हा खानदेश-वऱ्हाड-निमाडातला भाऊ. निमाडी आणि हिंदीत तो ‘बखर’ होतो. आडव्या जाड लाकडाला खाली दोन पाय, त्या पायांना धरून दीड-दोन फूट रुंदीची लोखंडी पास, पुढे जुवापर्यंत गेलेली दांडी आणि मागे हातात धरायचे रुमणे, एवढीच त्याची रचना. बैल चालू लागले की पास मातीत दोन-तीन इंच खाली सरपटत जाते. ती माती पालथी करत नाही. तणाची मुळे कापते, वरचा थर मोकळा करते आणि भेगा बुजवते. वरचा थर असा सुटा राहिला की खालच्या ओलाव्याला बाहेर पडायची वाट मिळत नाही. पावसाच्या भरवशावरच्या शेतीत हा फायदा नांगरटीहून मोठा.

वखर खोल जावा म्हणून त्यावर दगड ठेवत किंवा हाकणारा स्वतः त्यावर उभा राही. हलका चालवायचा असला की तो खाली उतरे. खोली कमी-जास्त करण्याची यंत्रणा म्हणजे माणसाचे वजन. पासेपुढे काडीकचरा साचला की रुमण्याला धरून वखर उचलायचा, झटकायचा आणि पुन्हा टेकवायचा. शेतात जागोजागी कचऱ्याचे लहान ढीग पडत ते यामुळे. म्हणजे वखरसुद्धा थोडेफार गोळा करण्याचे काम करीत होता. तो त्याचा हेतू नव्हता, ती त्याची अडचण होती. दाताळ्याने पुढे तीच अडचण आपले काम म्हणून पत्करली.

हे अवजार गावातच बने. लाकूडकाम सुताराचे, पास लोहाराची, आणि दोघांनाही मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपात मिळे. लाकडाची निवड काटेकोर होती. बाभूळ सगळीकडे चाले. सातपुड्याच्या पायथ्याला अंजन आणि धावडा ही जड, चिवट लाकडे हाताशी होती. त्याच डोंगरांत सालईचे झाडही अमाप. पण त्याचे लाकूड मऊ असल्याने अवजारांच्या कामी ते कोणी धरीत नसे. सालईचा डिंक धुपासाठी जाई. सुताराने नाकारलेल्या या लाकडाने पुढे या परिसराचे भाग्य बदलले, त्याचा उल्लेख योग्य जागी येईल.

हाताचे दाताळे याहून साधे. लांब दांड्याच्या टोकाला आडवी पट्टी आणि तिला लाकडी किंवा लोखंडी दाते. नाव दातांवरूनच आले. त्याचा उपयोग खळ्यावर भुसा आणि कडबा ओढायला, वाफे सारखे करायला, रोपवाटिकेतली ढेकळे फोडून बाजूला सारायला. बैलांनी ओढायच्या दात्यांच्या अवजाराची परंपरा तर फार जुनी. ‘कृषिपराशर’ या संस्कृत ग्रंथात शेतीच्या अवजारांची जी यादी येते, तिच्यात 21 खुंट्यांचे ‘विद्धक’ आणि नऊ हात लांबीची ‘मदिका’ अशी दोन साधने आहेत. पहिले माती टोचणारे, दुसरे ती सपाट करणारे. आजच्या दात्यांच्या कुळवात आणि फळीत ही जोडी ओळखू येते.

मोठ्या शेतातला कचरा गोळा करायला मात्र दाताळे पुरत नसे. कपाशी संपली की पऱ्हाटी उपटायची, ज्वारी काढली की जमिनीत धसकटे राहत ती वखराने सुटी करायची आणि मग ती हाताने वेचायची. वेचणे हे बहुतेक बायकांचे काम. चैत्र-वैशाखाच्या उन्हात ओळीने वाकून धसकटे वेचायची, टोपल्यात भरायची, बांधावर ढीग घालायचा. काही ढीग जळणाला घरी जात, उरलेले जागीच पेटत. अवजारांच्या इतिहासात या कामाची नोंद क्वचित सापडते, कारण त्याला अवजारच नव्हते. लँडस्केप रेकने या भागात कोणाची जागा घेतली असे विचारले तर उत्तर वखर नव्हे, नांगर नव्हे; या वेचणाऱ्या हातांची घेतली, असेच द्यावे लागते.

खानदेशात अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा शेतीच्या वर्षाचा उंबरठा. सालदारांचे जुने करार या दिवशी संपत आणि नवे ठरत. तोवर शेते निर्मळ झालेली असावीत असा संकेत असे. धसकटांचे ढीग अखाजीनंतरही शेतात दिसले तर गावात बोलणे होई.

डोंगरातली शेती निराळी होती. सातपुड्यातले कोरकू आदिवासी वखर-नांगराच्या फंदात न पडता जंगलाचा एक तुकडा तोडत, उन्हाळ्यात वाळलेली झाडे-फांद्या जाळत आणि पाऊस येण्याच्या सुमारास त्या राखेत बी टाकत. दोन-तीन वर्षांनी तुकडा बदलायचा. कॅप्टन जेम्स फोर्सिथ याने 1871 साली प्रसिद्ध झालेल्या मध्य भारताच्या डोंगरांवरील पुस्तकात या ‘दह्या’ शेतीचे वर्णन केले आहे. निमाडच्या जमीन महसुलाचा बंदोबस्तही त्यानेच केला होता, त्यामुळे खालची काळी जमीन आणि वरचे जंगल दोन्ही त्याच्या पायाखालून गेले होते. अशा शेतीत कचरा नावाची वस्तूच नाही, जे आहे ते राख होते. 1865 आणि 1878 च्या वनकायद्यांनंतर ही पद्धत मागे रेटली गेली. डोंगरउताराच्या मुरमाड तुकड्यांवर कायमची शेती करणे भाग पडले, आणि दगड वेचण्याचा प्रश्न तिथून पुढे कायमचा झाला.

एकोणिसाव्या शतकात खालच्या मैदानात दोन मोठे बदल झाले. शिंद्यांच्या ताब्यातले बऱ्हाणपूर 1860 च्या सुमारास इंग्रजांकडे गेले. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग भुसावळहून खांडव्याकडे सरकला, आणि 1870 साली जबलपूरला पूर्वेकडच्या मार्गाशी जोडला जाऊन मुंबई-कलकत्ता वाट पूर्ण झाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे, म्हणजे 1861 ते 1865 या काळात, कापसाचे भाव चढले होते. रेल्वेने तो कापूस मुंबईला नेण्याची सोय केली. पडीक जमीन कपाशीखाली येऊ लागली आणि वखराचे काम वाढले.

रेल्वेबरोबर आणखी एक दाताळे या भागात आले. रुळांखालची खडी ओढून सारखी करायला गँगवाले जे दात्यांचे हत्यार वापरतात त्याला ते ‘पंजा’ म्हणतात. लांब दांडा, लोखंडी वाकडे दाते, दात्यांतून माती गळून जाते आणि खडी पुढे येते. आजच्या ट्रॅक्टरी दाताळ्याचे तत्त्व हेच आहे. शेतकऱ्याला ते शिकायला परदेशी जायची गरज नव्हती. गावाशेजारच्या रुळांवर ते रोज दिसत होते.

देशी अवजारे मागासलेली आहेत, ती बदलली की शेती सुधारेल, असा सरकारी समज त्या काळी पक्का होता. 1889 ते 1891 या काळात हिंदुस्थानात फिरून 1893 मध्ये अहवाल देणाऱ्या डॉ. जे. ए. फोल्कर या रसायनशास्त्रज्ञाने त्या समजाला बराच धक्का दिला. देशी अवजारे इथल्या परिस्थितीला, बैलांच्या ताकदीला आणि शेतकऱ्याच्या ऐपतीला साजेशी आहेत, सुधारणेला वाव आहे पण तो वाटतो तितका नाही, असा त्याच्या म्हणण्याचा रोख. काळ्या मातीतल्या वखराबाबत हा निर्णय आजही टिकतो.

बदल झाला तो नांगराच्या बाजूने, आणि तोही मराठी कारखानदाराकडून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केला, पण लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे सुरुवातीला त्याला गिऱ्हाईक मिळेना. 1910 साली किर्लोस्करवाडी वसल्यावर तो नांगर घरोघर पोचला. हराळी आणि कुंदा यांसारख्या खोल मुळांच्या तणांवर वखराचा इलाज चालत नसे, लोखंडी नांगराचा चाले. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, मुळ्या उन्हात वाळू द्यायच्या आणि मग त्या गोळा करायच्या. हे शेवटचे पाऊल महत्त्वाचे. उलटून पडलेल्या हराळीच्या काड्या शेतातच राहिल्या तर पहिल्या पावसाला त्यांना पुन्हा फूट येते. नांगर जितका खोल गेला, तितके वेचण्याचे काम वाढले. पुढच्या शंभर वर्षांत हेच पुन्हा पुन्हा होत राहिले.

सालईची गोष्ट इथे येते. 1947 च्या जानेवारीत वृत्तपत्राचा कागद देशात बनवण्यासाठी एक खासगी कंपनी स्थापन झाली : नॅशनल न्यूजप्रिंट अँड पेपर मिल्स. तिच्या इंग्रजी नावातल्या आद्याक्षरांवरून गिरणीला ‘नेपा’ आणि गावाला नेपानगर हे नाव मिळाले. जागा इथे धरण्याची कारणे उघड होती : डोंगरात सालई आणि बांबू, तापीचे पाणी आणि दारात रेल्वे. पैशाची ओढ लागल्यावर 1949 मध्ये प्रांतिक सरकारने गिरणी हाती घेतली. 26 एप्रिल 1956 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. देशातली ही पहिली वृत्तपत्र-कागद गिरणी. त्या दिवशी नेपानगर ज्या मध्य प्रदेशात होते त्याची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेनंतर, 1 नोव्हेंबरपासून, ती भोपाळ झाली आणि विदर्भ तिकडे मुंबई राज्यात गेला. एकाच वर्षात गावाला गिरणी मिळाली आणि राजधानी बदलली. 1959 मध्ये गिरणीची मालकी मुख्यतः केंद्र सरकारकडे आली. सुताराने टाकून दिलेल्या सालईवर आता देशातली वर्तमानपत्रे छापली जाऊ लागली.

गिरणीने शेतीच्या अवजारांवर थेट परिणाम केला असे म्हणणे ताणल्यासारखे होईल. पण कारखान्याच्या गावात वेल्डिंग, कातकाम आणि लोखंड वाकवण्याची कला येते. ट्रकच्या मोडलेल्या कमानपाट्यांपासून वखराची पास करण्याची पद्धत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात सगळीकडे रूढ झाली ती अशाच गावांच्या आश्रयाने. कमानपाटा म्हणजे स्प्रिंगचे पोलाद. ते वाकते पण मोडत नाही, आणि धार धरते. लँडस्केप रेकचे दाते याच जातीच्या पोलादाचे असतात.

शेतात ट्रॅक्टर आला तो मात्र वेगळ्या वाटेने, आणि पहिल्या भेटीत तो रानटी गवताशी लढायला आला. मध्य भारतातल्या काळ्या जमिनींवर, विशेषतः नर्मदेच्या खोऱ्यात आणि बुंदेलखंडात, दुष्काळात पडीक राहिलेल्या शेतांत कांस माजले होते. त्याची मुळे बैलांच्या नांगराला आवरत नसत. 1947 मध्ये केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभारली. सुरुवातीला अमेरिकी सैन्याने युद्धानंतर मागे टाकलेली यंत्रे तिच्या ताफ्यात होती. 1949 मध्ये जागतिक बँकेने याच कामाच्या यंत्रसामग्रीसाठी भारताला एक कोटी डॉलरचे कर्ज दिले. बँकेने भारताला दिलेल्या अगदी पहिल्या कर्जांपैकी ते एक, आणि ते गवत उपटण्यासाठी होते, हे आज सांगूनही कोणाला खरे वाटत नाही. पन्नासच्या दशकात नर्मदाकाठच्या बुधनीला ट्रॅक्टर चालवण्याचे शिक्षण देणारे केंद्र उभे राहिले. पुढे तिथेच ट्रॅक्टरांची चाचणीही होऊ लागली. देशी बनावटीचे ट्रॅक्टर 1959 पासून बाजारात येऊ लागले : आधी आयशर, मग टॅफे, एस्कॉर्ट्‌स, महिंद्रा, आणि 1974 मध्ये स्वराज.

ट्रॅक्टरच्या मागे अवजार कसे बांधायचे, हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड होता. सुरुवातीचे ट्रॅक्टर बैलांसारखेच अवजार साखळीने किंवा दांड्याने ओढत. नांगर दगडाला अडकला की मागची चाके फिरत राहत आणि ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकावर उलटे. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने 1926 मध्ये पेटंट घेतलेल्या जोडणीने हे बदलले. खाली दोन भुजा, वर एक, आणि त्यांना उचलणारा तेलदाबाचा पंप. अवजार ट्रॅक्टरचाच अवयव झाले. अवजाराला जितका अडथळा, तितके वजन मागच्या चाकांवर, म्हणजे पकड उलट वाढते. 1939 साली फोर्डच्या ट्रॅक्टरवर ही जोडणी आल्यानंतर ती जगभर पसरली. वखरावर उभा राहणारा माणूस आणि रुमणे उचलून कचरा झटकणारा हात, या दोघांचे काम सीटशेजारच्या एका दांड्याने उरकले.

दात्यांचा इतिहास अमेरिकेतला. तिथल्या नव्याने मोडलेल्या जमिनीत खुंट आणि दगड इतके की सरळ खिळ्यांची फणी टिकत नसे. 1869 मध्ये मिशिगनच्या डेव्हिड गार्व्हरने वाकलेल्या पोलादी पट्ट्यांच्या दात्यांचे अवजार पेटंट केले. अडथळा आला की दाता मागे झुकतो आणि सुटला की जागेवर येतो. गवत गोळा करणारी घोड्यांची दाताळी तिथे त्याआधीपासून होती. या दोन्हींचे गुण घेऊन, फर्ग्युसनच्या जोडणीवर बसणारे लँडस्केप रेक तयार झाले. तिकडे त्याचा वापर मुख्यतः बागा, रस्त्यांच्या कडा आणि घोड्यांची मैदाने साफ करण्यासाठी होतो, म्हणून नाव ‘लँडस्केप’. निमाडच्या शेतकऱ्याला त्या नावातून काहीच बोध होत नाही.

भारतात मोठे ट्रॅक्टर पसरले तशी खोल नांगरट नेमाची झाली, आणि काळ्या मातीत ढेकळे निघू लागली. ती फोडायला रोटाव्हेटर आला. रोटाव्हेटर माती पिठासारखी करतो, तशीच धसकटे आणि हराळीचे तुकडेही करतो, आणि हराळीचा प्रत्येक तुकडा म्हणजे नवे झाड. बऱ्हाणपूर-रावेर पट्ट्यात यात केळीची भर पडली. नव्वदच्या दशकानंतर ऊतिसंवर्धित रोपे आणि ठिबक हा केळीचा नेम झाला. बाग मोडली की खोडांचे अवशेष, वाळलेली पाने आणि ठिबकच्या नळ्यांचे तुकडे शेतभर पसरतात. नळीचा तुकडा रोटाव्हेटरच्या पात्यांत गुंडाळला गेला की अर्धा दिवस गेलाच. वखराने हे साफ होत नाही, हाताने वेचायला मजूर मिळत नाहीत. दात्यांची गरज पुन्हा इथे उभी राहिली.

लहान ट्रॅक्टरही याच काळात आला. केळीच्या दोन ओळींत पाच-सहा फूट, कपाशीत त्याहून कमी जागा. तिथे मोठा ट्रॅक्टर शिरत नाही. बंगळूरच्या व्ही. एस. टी. कंपनीचा साडेअठरा अश्वशक्तीचा ट्रॅक्टर, महिंद्राचा पंधरा अश्वशक्तीचा युवराज, 2021 मधला स्वराजचा अकरा अश्वशक्तीचा कोड, ही यंत्रे ओळींच्या मधून जाण्यासाठीच बनली. सौराष्ट्रात एक वेगळा प्रयोग झाला होता. अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगाणी यांनी 1994 च्या सुमारास बुलेट मोटारसायकलचे मागचे चाक काढून तिथे दोन चाके आणि कोळपणीचे अवजार बसवले. ‘बुलेट सांती’ या नावाने ते प्रसिद्ध झाले. सांती म्हणजे गुजराती शेतकऱ्याचे बैलअवजार. बैल परवडत नाहीत पण बैलांच्या अवजाराशिवाय भागत नाही, हा पेच त्याने मोटारसायकलवर सोडवला. 2014-15 पासून केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण अभियानातून लहान ट्रॅक्टर आणि अवजारांना अनुदान मिळू लागले आणि ज्यांची जमीन दोन-चार एकर आहे त्यांच्याही अंगणात ट्रॅक्टर आला.

लहान ट्रॅक्टरसाठी दाताळे चार-पाच फूट रुंदीचे घेतात. आडव्या दांड्याला खाली वाकलेले पोलादी दाते, दोन दात्यांत इंचभर फट. माती फटीतून मागे राहते. दगड, धसकटे, मुळ्या, नळ्या दात्यांपुढे ढकलल्या जातात. दांडा मधल्या खुंटीवर फिरवून तिरपा करता येतो. सरळ ठेवला तर सगळे दात्यांपुढे साठत जाते आणि ठरावीक अंतरावर अवजार उचलून ढीग सोडायचा. तिरपा ठेवला तर कचरा एका कडेला सरकत जाऊन शेतभर त्याची सरळ ओळ पडते, जी पुढच्या फेरीत आणखी कडेला जाते. दगड बांधापर्यंत न्यायचे असतील तर तिरपी चाल, काडीकचरा उचलून न्यायचा असेल तर सरळ.

नवखा चालक दोन चुका करतो. पहिली : दाते खोल घालतो. दाताळे नांगर नाही. दात्यांची टोके जमिनीला जेमतेम चाटून जावीत, आणि त्यासाठी मागे टेकणचाके असतील तर उत्तम. नसतील तर वरची भुजा आखूड-लांब करून दात्यांचा कल बदलायचा : भुजा लांब केली की दाते आडवे पडून वरून घासतात, आखूड केली की उभे होऊन माती खणू लागतात. दुसरी चूक वेगाची. लहान ट्रॅक्टर वजनाने टनाच्या आत असतो. वेगात जाताना दाते मोठ्या दगडाला किंवा पुरलेल्या खोडाला अडकले तर मागचा भाग एकदम झटका खातो. चालण्याच्या गतीपेक्षा थोडे जलद, याहून अधिक कशाची गरज नाही. कडक झालेल्या जमिनीवर आधी वखर किंवा मोगडा (माती मोकळी करणारे दात्यांचे अवजार) मारून कचरा सुटा करावा लागतो. दाताळ्याला सुटे झालेलेच गोळा करता येते, रुतलेले उपटता येत नाही.

सगळ्यांत मोठी मर्यादा काळ्या मातीची. जमीन ओली असताना दात्यांतल्या फटी चिखलाने भरतात आणि दाताळ्याची फळी होते. ते गोळा करत नाही, माती घासत नेते आणि शेत दाबून चोपून टाकते. वखराची पास अशा मातीतही थोडे काम करते, कारण तिला फटीच नाहीत. म्हणून वाफसा ओळखण्याची जुनी रीत इथे यंत्राइतकीच लागते : मूठभर माती घेऊन दाबायची, गोळा झाला आणि बोटाने टिचकी मारल्यावर फुटला तर वाफसा, चिकटून राहिला तर थांबायचे. डोंगराकडच्या मुरमाड जमिनीत हा प्रश्न कमी, आणि दाताळ्याचा खरा फायदाही तिथेच जास्त. तिथे दरवर्षी पावसाने वरची माती वाहून जाते आणि नवे दगड वर येतात. ते बांधावर रचले तर बांध पक्का होतो आणि पुढच्या वर्षी माती कमी वाहते. तापीकाठच्या खोल काळ्या शेतात, केळीची बाग मोडलेली नसेल, तर लँडस्केप रेकवर पैसे घालण्यापेक्षा चांगला वखर आणि त्याची धारदार पास ठेवणे शहाणपणाचे. या दोन्ही गोष्टी एकाच तालुक्यात खऱ्या आहेत.

नेपाच्या गिरणीने पुढे लाकूड सोडून रद्दी कागदापासून लगदा करणे पत्करले. नूतनीकरणासाठी 2016 मध्ये थांबलेले उत्पादन ऑगस्ट 2022 मध्ये पुन्हा सुरू झाले. सालई पुन्हा जंगलातच उभी आहे. बैलांचा वखर अनेक घरी माळ्यावर गेला असला तरी त्याची पास गेलेली नाही. ट्रॅक्टरला लावायचा वखर तीच पास लोखंडी चौकटीत धरतो. वैशाखात दाताळ्याने दगड-धसकटे बांधाला लागतात. पहिला मोठा पाऊस झाला की दाताळे काढून भिंतीला टेकवतात, आणि वाफसा आला की त्याच ट्रॅक्टरच्या त्याच तीन भुजांना वखर जोडला जातो.